पूर्वाची आडवी बाटली

डोळे मिटा आणि एक शोकेस मनात आणा. खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समधली, बाहेरच्या खोलीतली. आत काचेचा ताजमहाल, बाबांना कॅरममध्ये मिळालेला कप, वर ट्यूबलाइट, आणि मधोमध ताठ उभी एक काळपट बाटली. ती बाटली दहा वर्षांच्या पूर्वाची होती, आणि तिथे राहून ती बिघडणार होती.

पूर्वाचा चेतनकाका हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. कंपनीने त्याला फ्रान्सला पाठवलं, तिथून त्याने ही वाइन आणली. पूर्वाच्या जन्मवर्षीच्या द्राक्षांची. "पूर्वा पंचवीस वर्षांची झाली की उघडू," तो म्हणाला. "तोवर लोणच्यासारखी मुरेल. फक्त अंधारात, गारव्यात आणि आडवी ठेवा." एवढं सांगून तो परत गेला.

पण आपल्याकडे मोलाची वस्तू शोकेसमध्येच जाते, तीही पाहुण्यांना नाव वाचता येईल अशी.

"आडवी ठेवली तर गळेल," बाबा म्हणाले. "तेलाची बाटली आडवी ठेवतं का कोणी?"

"पाहुणे विचारतील, बाटलीच पिऊन पडली का," आई म्हणाली.

मग मे महिना आला. आईने माळ्यावरून आइस्क्रीमचा पॉट काढला. पूर्वाने त्याच्या लाकडी बादलीत पाणी ओतलं, तर फटीफटीतून धारा लागल्या.

"वर्षभर कोरडी होती ना, लाकूड आकसलंय," आई म्हणाली. "भिजू दे. फुगलं की थेंब गळणार नाही."

संध्याकाळपर्यंत बादली खरोखरच गळायची थांबली. पूर्वा बादलीकडे बघत राहिली, मग शोकेससमोर जाऊन उभी राहिली. बाटलीचं बूचही झाडाच्या सालीचंच. बाटली उभी, म्हणजे बूच कोरडं. ते आकसणार, हवा आत शिरणार आणि वाइन आंबणार.

"बाबा, बादली कोरडी राहिली म्हणून गळली. बूचसुद्धा भिजलेलं हवं. म्हणून काका आडवी म्हणाला."

बाबांनी बादलीखालची कोरडी फरशी पाहिली. "बरं. पण खाली कागद घाल. सकाळी त्यावर एक जरी डाग दिसला, तर बाटली परत शोकेसमध्ये."

पूर्वाने प्रत्येक खोलीतल्या फरशीला गाल लावून पाहिला. सगळ्यांत गार जागा आतल्या खोलीत, लोखंडी कॉटखाली, भिंतीच्या कोपऱ्यात सापडली. तिथे तिने वर्तमानपत्र पसरलं, आईच्या जुन्या साडीत बाटली गुंडाळली आणि आडवी ठेवली.

सकाळी बाबा चहाचा कप घेऊन कॉटजवळ आले. पूर्वा आधीच खाली शिरली होती. तिने कागद ओढून त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो उजेडात धरला, उलटा केला, बोट फिरवलं.

"कोरडा आहे," ते म्हणाले.

पूर्वाने बाटलीखाली दुसरा कागद सरकवला. मग पहिल्याची नीट घडी केली आणि शोकेसमधल्या मोकळ्या जागी, पाहुण्यांना दिसेल अशी उभी करून ठेवली.