डावी बाही

लेकीला नोकरीच्या पहिल्या दिवशी घालायला कोट हवा होता, आणि मास्तरांनी तो शिवून द्यायला साफ नकार दिला. आपल्या दुकानात बायकांचे कपडे शिवले जात नाहीत, असं एखाद्या परक्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्यांनी पोटच्या पोरीला सांगितलं. मग तो कोट तिच्या आईनं शिवला.

टेलर मास्तरांची बायको म्हणून गल्लीत सगळे तिला मास्तरीण म्हणायचे, पण त्यात मान कमी आणि थट्टा जास्त असायची. घरच्या मशीनवर ती अभ्रे, पडदे, शेजारणींचे झगे शिवायची. कोटाला तिनं आजवर हात लावला नव्हता. लेकीच्या मैत्रिणीचा जुना कोट मागून आणून, तो कापडावर पसरून तिनं बेत काढला, जमेल तसं कापलं, आणि पोरीची हौस म्हणून जीव ओतून शिवलं.

पहिल्या दिवशी लेक तोच कोट घालून कामावर निघते असं बापाला सांगायला दुकानात गेली. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मास्तरांनी तिला कोट काढायला लावला, उलटा केला आणि आतल्या शिवणी त्या दोघांना दाखवल्या. कॉलरचं टोक वर वळलं होतं, खांद्यापाशी चुण्या पडल्या होत्या, अस्तर खालून डोकावत होतं. गिऱ्हाइकं हसली. मास्तर म्हणाले, "हे घरगुती काम आहे. हे घालून माझ्या दुकानासमोरून जाऊ नकोस. कोणी शिवला म्हणून लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

लेक कोट हातावर टाकून घरी आली आणि जुना स्वेटर चढवून कामावर गेली. आईला तिनं निम्मंच सांगितलं. उरलेलं शेजारणीनं तिखटमीठ लावून पोचवलं.

मास्तरणीच्या अंगाचा तिळपापड झाला. कोट मांडीवर घेऊन ती कितीतरी वेळ बसून राहिली. नवऱ्यानं पोरीला चारचौघांत रडवलं याचा संताप होताच. पण त्याहून जास्त जळत होतं ते वेगळंच. कोट खरोखरच वाईट शिवला होता. नवरा खोटं बोलला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी मास्तर जेवायला बसले तेव्हा तिनं सरळ विचारलं, की नीट कसं करायचं ते मला दाखवाल का. मास्तरांनी ताटातून मान वर केली नाही. दुकानाचा हात वेगळा आणि घरातला हात वेगळा, जन्मभर शिवलंस तरी तो यायचा नाही, असं म्हणून त्यांनी पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं. त्याच क्षणी तिनं मनाशी ठरवलं, की शिकायचं, आणि तेही ह्यांच्या नाकावर टिच्चून.

आता मास्तरांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, आणखी एक टेलर होता. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे. तो फक्त "समोरचा". एके काळी दोघांचं एकच दुकान होतं. मग एका बड्या गिऱ्हाइकाचा कोट बेतताना बिघडला. मास्तर म्हणाले कात्री ह्याची, समोरचा म्हणाला माप ह्याचं, आणि त्यावरून दुकान फुटलं. समोरच्यानं मुद्दाम बरोबर समोरचाच गाळा घेतला. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. एकानं पाटी रंगवली की दुसरा आठवड्यात रंगवायचा. एकाच्या दुकानातून गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघालं, की दुसरा पायरीवर येऊन उभा राहायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरीण कोट पिशवीत घालून रस्ता ओलांडून गेली.

समोरचा इस्त्रीच्या टेबलापाशी होता. तिला पाहून त्यानं आधी काचेतून पलीकडे नजर टाकली, मास्तरांनी बघितलं की नाही याची खात्री करून घेतली, आणि मग म्हणाला, "काय वहिनी, रस्ता चुकलात का?"

तिनं कोट टेबलावर टाकला. तो हसेल अशी तिची तयारी होती, पण तो हसला नाही. त्यानं बाही ओढून पाहिली, कॉलर बोटांत चुरली आणि हे मास्तरनं बघितलं का, असं विचारलं. तिनं सगळं सांगितलं. ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे समाधान पसरलं ते पाहून तिला किळस आली.

"शिकवतो," तो म्हणाला. "पण मागच्या खोलीत नाही. इथं काचेजवळ बसायचं, रस्त्याकडे तोंड करून."

तिला काय ते कळलं. ह्याला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांत खुपेल असा एक काटा त्याला हवा होता, आणि तो आज आपल्या पायांनी चालत आला होता.  मग खुर्ची कुठे ठेवू, एवढंच तिनं विचारलं.

शिकवणं म्हणजे नुसता अपमान होता. पहिल्यांदा त्यानं तिला तिचाच कोट पूर्ण उसवायला लावला आणि उसवताना कापडाला एक भोक पडलं तर दिवसभर ऐकवलं. घरातलं माणूस मशीन पळवतं, तो म्हणायचा. कोट मशीनवर होत नाही, तो इस्त्रीवर होतो. एक शिवण घातली की ती उघडून, ओलं फडकं ठेवून इस्त्रीनं दाबायची, वर लाकडी ठोकळा ठेवायचा आणि कापड गार होईपर्यंत हलवायचं नाही. मगच दुसरी शिवण. तिला घाई असायची. घाई केली की तो शिवण सरळ ओढून उसवायचा आणि कापड तिच्या पुढ्यात फेकायचा. "मास्तरनं हेच शिकवलं वाटतं," हे पालुपद दिवसातून कितीदा तरी व्हायचं. हे बोलताना तो तिच्याकडे बघतही नसे. बघायचा रस्त्यापलीकडे.

ती उलटून बोलत नसे. बोटाला सुई टोचली तरी आवाज काढत नसे. पण एकेक गोष्ट डोक्यात साठवत होती. शिवणीच्या आतलं जादा कापड एकसारखं कापायचं नाही, एक थर अरुंद आणि एक रुंद ठेवायचा, म्हणजे वरून वळ उमटत नाही. कॉलरचा खालचा तुकडा वरच्यापेक्षा सुताभर लहान कापायचा, म्हणजे टोक आपोआप आत वळतं. बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जोडायच्या गोल कापापेक्षा, मोठा असतो; तो चुण्या न पडता आत मुरवायचा तर आधी हातानं कच्चे टाके घालून दोरा ओढायचा, वाफेनं कापड आटवायचं, आणि मगच मशीनखाली घ्यायचं. घरी तिनं हे सगळं सोडून दिलं होतं, कारण ते सोडलं तरी कपडा उभा राहतो. फक्त तो घरगुती दिसतो.

बाही मात्र तिला छळत राहिली. लावायची, उसवायची, पुन्हा लावायची. समोरच्याला शिकवण्याचा कंटाळा यायचा, पण तिला काचेजवळून उठवायचा विचार त्याच्या मनात येत नसे.

इकडे घरात लढाई जुंपली होती. मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिला त्या खुर्चीवर पाहिलं होतं. घरी येऊन ते आरडाओरडा करतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. काही हवं असलं तर लेकीला सांगायचे, "तुझ्या आईला सांग." ती समोर बसलेली असली तरी. एका सकाळी ती सरावाला मशीनवर बसली तर चाकाचा पट्टा गायब. तिनं शोधाशोध केली नाही. बाजारातून नवा पट्टा आणला, तो स्वतः चढवला, आणि मास्तर अंघोळीहून बाहेर येईपर्यंत मशीन मुद्दाम जोरात चालवत ठेवलं.

लेक दोघांच्या मध्ये पिचत होती. एकदा ती चिडून म्हणाली, "आई, माझ्या कोटापायी चाललंय ना हे? मला नको तो कोट." मास्तरीण म्हणाली, की आता ते तुझ्यापुरतं राहिलेलं नाही. पोरीला ते लागलं. ती ताट तसंच ठेवून उठून गेली. मास्तरणीला ते दिसलं, पण तिनं तिला थांबवलं नाही. तिच्या मनात त्या वेळी मुंढ्याची गोलाई होती.

मग वकीलबाई आल्या. त्या समोरच्याच्या जुन्या गिऱ्हाईक, तोलूनमापून बोलणाऱ्या. कोर्टात घालायला काळा कोट हवा होता. समोरच्यानं माप घेतलं, आणि त्या गेल्यावर कापडाचा गठ्ठा मास्तरणीपुढे सरकवला. तिची लायकी झाली म्हणून नव्हे. परवाच कोणीतरी गल्लीत म्हणालं होतं, की मास्तरांची बायको तिथं नुसती शोभेला बसते. ते त्याला झोंबलं होतं.

तो कोट तिनं एकटीनं शिवला. बेतण्यापासून काजांपर्यंत दुसरा हात लागू दिला नाही. समोरचा अधूनमधून येऊन उभा राहायचा, खोट काढण्यासाठी तोंड उघडायचा आणि काही न बोलता परत जायचा. शेवटची इस्त्री झाल्यावर त्यानं कोट काचेमागच्या पुतळ्यावर चढवला, रस्त्याकडे तोंड करून. येणाऱ्याजाणाऱ्याला तो आवर्जून सांगू लागला, की हा मास्तरच्या बायकोनं शिवलाय, त्याच्या दुकानात असला एक तरी दाखवा.

वकीलबाई कोट न्यायला आल्या त्याच वेळी मास्तर रस्ता ओलांडून आले. दुकान फुटल्यापासून त्यांनी ही पायरी चढली नव्हती.  पुतळ्यावरचा कोट काढला, खिडकीशी नेला, उलटा केला. मास्तरीण उभी राहिली.  इतक्या दिवसांचा राग एका बाजूला, आणि नवरा आता काय म्हणतो ते ऐकायची हाव एका बाजूला. त्या हावेचा तिला स्वतःलाच राग आला.

मास्तरांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. कॉलर उलटून पाहिली. मग समोरच्याकडे वळून म्हणाले, "बाही तू लावलीस."

"तिनं लावली. सगळं तिनंच केलंय."

"खोटं बोलू नकोस. हा हात मी ओळखतो. तुझ्याशेजारी बसून शिवलंय मी."

"ओळखला असतास तर तेव्हा मापाचा दोष माझ्या कात्रीवर ढकलला नसतास."

आणि दोघे सुरू झाले. माप कोणी लिहिलं, कापड कोणी धरलं, गिऱ्हाइकापुढे आधी कोण बोललं. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडू लागलं. कोट मास्तरांच्या मुठीत होता आणि ते तो हवेत हलवून बोलत होते. दोघांपैकी एकाचंही लक्ष त्या कोटाकडे नव्हतं. तिच्याकडे तर नव्हतंच.

मास्तरीण पुढे झाली आणि तिनं नवऱ्याच्या मुठीतून कोट सोडवून घेतला. त्यांना ते क्षणभर कळलंही नाही. तिनं तो झटकला, चुरगळलेल्या जागी इस्त्री फिरवली, आणि वकीलबाईंना घालायला धरला. बाईंनी हात पुढेमागे केले, आरशात पाहिलं, इतका अंगाबरोबर बसलेला कोट आपल्याला आजवर मिळाला नव्हता, असं सांगितलं आणि त्या निघाल्या. मास्तरीण त्यांच्याबरोबर बाहेर पडली. मागे भांडण चालूच होतं.

कोपऱ्यापर्यंत चालताना तिची नजर बाईंच्या खांद्यावर होती. उन्हात तिला ते दिसलं. डावी बाही केसभर मागे वळली होती. चालताना कोपराच्या वर एक बारीक तिरकी घडी पडत होती. नवऱ्याच्या नजरेतून ती सुटली होती, समोरच्याच्याही सुटली होती.

"बाई, कोट मला परत द्या," ती म्हणाली. "डावी बाही पुन्हा लावायला हवी."

वकीलबाईंनी हात वाकवून पाहिला. त्यांना काही दिसेना. "अहो, कोणाच्या लक्षात येणार आहे हे?"

"माझ्या आलंय."

बाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, कोट उतरवून दिला आणि दुकानात परत यायचं का ते विचारलं. ती म्हणाली, दुकानात नको, माझ्या घरी या. आणि तिनं पत्ता सांगितला.

त्यानंतर ती समोरच्याकडे गेली नाही. त्यानं दोनदा निरोप पाठवला. कृतघ्न बाई आहे, असं गल्लीभर सांगून झालं. मास्तरांना वाटलं, बायको हरून घरी आली. आठवडाभर ते खुशीत होते. मग बाहेरच्या खोलीत त्यांच्या आरामखुर्चीच्या जागी कापायचं टेबल आलं, आणि ते पुन्हा लेकीमार्फत बोलू लागले.

वकीलबाईंच्या पाठोपाठ त्यांच्या दोघी मैत्रिणी आल्या. संध्याकाळी मास्तर दुकान बंद करून येत तेव्हा घरात कोणीतरी अनोळखी बाई हात पसरून उभी असायची आणि त्यांना आपल्याच घराच्या दारात, माप घेऊन होईपर्यंत, थांबावं लागायचं. ते घसा खाकरायचे. मास्तरीण तोंडातल्या टाचण्या न काढता त्यांना हातानंच थांबायची खूण करायची आणि पुढचं माप घ्यायची.