सुपभर नाचणीचं पोर

मला कुणी इचारलंच न्हाय, ही पयली गोष्ट. बसऱ्याहून मालकांचं चार वळींचं पत्र आलं आणि माज्या भावानं, भावकूनं, ते वाचून दाखवलं, कारण मला अक्षर कळत न्हवतं. "बंदरात कायमची नोकरी झाली. राहायला खोली मिळाली. बायको-पोराला आणायची परवानगी हाय. भावकू, तू बेळगावच्या कचेरीतनं कागद कर आणि दोघींना मुंबईत बोटीवर बसव." झालं! येतीस का न्हाय, यावंसं वाटतं का न्हाय. अरं, म्हस बाजाराला न्यायची झाली तरी माणूस तिच्या पाठीवरनं एकदा हात फिरवतो.

सात वर्सं झालती. मालक लढाईवर गेलते, लढाई संपली, घरला आले, दोन म्हैने राहिले आणि तिकडंच बंदरात काम हाय म्हणून परत गेले. तवा पोर माज्या पोटात हुती. तिचं तोंड त्येंनी बघितलेलं न्हवतं. आणि आता एकदम संसाराची आठवण झाली!

पर खोटं कशाला बोलू? जायाचंबी हुतं मला. सात वर्सं मी उचगावात कपाळाला कुंकू लावून रांडमुंडीगत काढली. विहिरीवर बायका म्हणायच्या, "अंबू, तुजा नवरा खराच हाय का निसता पत्रातच हाय गं?" हसायच्या मेल्या. मी घागर आपटून घरला यायचो. मला माजा नवरा पायजे हुता, माजी चूल पायजे हुती. आणि जायाचं न्हवतंबी. भाताचं रोप हातभर वर आलतं, म्हस गाभण हुती, आणि माजी दोन पोरं ह्याच शिवारात पुरलेली हुती. त्येंना टाकून कुठं समुद्रापल्याड जाऊ? दोन्ही खरं हुतं, म्हणून जास्तच डोकं फिरलं. मालक काय समोर न्हवते. मग सगळा राग निघाला तो आक्कावर.

आक्का म्हंजे माजी थोरली जाऊ, मनुबाई. तिचा नवरा मानमोडीच्या तापात गेला. लेकरू न्हाय. आमी दोघी एका चुलीवर, एका ताटात. आणि भांडणाचं मूळ आमची धोंडू.

ते सांगायला पायजे. माजी पयली दोन पोरं जगली न्हाईत. एक चाळीस दिसांचं गेलं, एक दात आल्यावर. तिसऱ्या येळी पोरगी झाली, तवा सासू जित्ती हुती, ती म्हटली, "ही आपली ठेवायची न्हाय. सटवीला कळता कामा न्हाय, न्हायतर हीबी न्हेल." आमच्यात रीतच हाय ती. बाराव्या दिसाला पोरीला सुपात घातली आणि उकिरड्यावर ठेवली. आक्का वाटसरूगत पल्याडनं आली. "हे पोर कुणाचं?" म्हणून तिनं इचारलं. मी सांगायचं हुतं, "कुणाचं न्हाय, टाकलंय." माज्या तोंडातनं शबूद फुटंना. सासूनं चिमटा काढला, तवा बोललो. आक्कानं सुपभर नाचणी माज्या पदरात ओतली आणि पोर उचलून घेऊन गेली. नाव ठेवलं धोंडू. दगड हाय, कशाला कोण नेतंय.

तवापासनं दूध माजं, पर पोर तिची. धोंडूनं तिला आई म्हणायचं आणि मला काकी. मीच शिकवलं! मांडीवर घेऊन शिकवलं, "मी कोण? काकी. ती कोण? आई." जित्ती ऱ्हावी म्हणून. पोरगी रात आली की आक्काच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची. दिसभरात कुठनंबी "आई गं" म्हणून वराडली, की आक्का असंल तितनं ओ द्यायची, "आलो गं माज्या दगडा!" माज्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पर बोलणार काय?

पाचव्या वर्साला सौदा मोडायचा असतो. सुपभर नाचणी परत द्यायची, आक्काची वटी भरायची आणि पोर आपल्या घरात घ्यायची. त्याच वर्साला धोंडूला गोवर आला. मी भ्यालो. म्हटलं, आणि एक वरीस जाऊ दे. मग आणि एक. खरं सांगायचं तर आक्काच्या तोंडाकडं बघूनबी धीर हुईना. ती चूक माजी. ती मी कुणावर ढकलत न्हाय.

तर पत्र आल्यावर मी सूप घेटलं, नाचणी भरली आणि आक्काच्या म्होरं ठेवली. ती जात्यावर बसलेली. बघितलंबी न्हाय तिनं.

"आक्का, घे."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? पोर माजी हाय."

"तू टाकलीस, मी उचलली. जा, उकिरड्याला इचार जा."

"मी टाकली न्हाय! जगावी म्हणून दिली!"

"मग जगली का न्हाय?" आक्का म्हटली. "जगली न्हवं? आता तिला बोटीत घालून खाऱ्या पाण्यावरनं नेणार. कुठल्या गावाला, तर जितं नाचणी उगवत न्हाय. माज्या जिवावर पोर वाढवलीस आणि आता नवऱ्यानं शीळ घाटली की निघाली बया पदर खोचून!"

मी काय काय बोललो ते आता सांगायला लाज वाटती. वांझोटी म्हटलं तिला. ती जात्याचा खुंटा धरून तशीच बसली. सूप तितंच राहिलं आणि कोंबड्यांनी टोचा मारल्या त्यात.

दुसऱ्या दिशी मी इरेला पेटलो. म्हटलं, नाचणी घे न्हायतर नको घेऊ, सरकार काय नाचणी बघत न्हाय. भावकूनं गाडी जुपली, धोंडूला नवं परकर-पोलकं घाटलं आणि आमी बेळगावला कचेरीत गेलो. कारकून चष्म्यावाला. त्यानं सगळं लिहून घेटलं. नवऱ्याचं नाव भावकूनं सांगितलं, मष्णू म्हणून. मी घेत न्हाय, आजबी न्हाय. मग कारकुनानं धोंडूला गोडीत इचारलं, "बाळ, ही तुझी कोण?"

"काकी," धोंडू म्हटली.

"आणि आई कुठं आहे?"

"घरला हाय. म्हशीचं शेण काढती."

शाबास गं माजी बाय! कारकुनानं टाक खाली ठेवला. "बाई, दुसरीचं पोर घेऊन परदेशी निघालीस होय?" मी सगळं सांगितलं. सटवी सांगितली, उकिरडा सांगितला, सूप सांगितलं. पलीकडच्या टेबलावरचा दुसरा कारकून कानडीत म्हटला, "नाचणीला पोर मिळतंय, तर जोंधळ्याला काय मिळंल?" दोघं हसले. आमाला कानडी येत न्हाय असं वाटलं असंल त्यास्नी. मी कानडीतच सांगितलं, "जोंधळ्याला तुज्यासारखा कारकून मिळतो."

झालं! काम सुधारायचं हुतं ते बिघडलं. भावकू कपाळाला हात लावून बसला. चष्म्यावाल्यानं कागद बाजूला सारला आणि सांगितलं, "पोर जिला आई म्हणते तिला इथं घेऊन या. तिनं साहेबांसमोर सांगितलं तर बघू. नाहीतर तू एकटी जा."

एकटी जा! सगळ्या वाटेनं मी धोंडूसंगं बोललो न्हाय. सात वर्सांच्या पोरीवर रुसलो मी. ती बिचारी भावकूच्या मांडीला लागून बसली आणि मदीच म्हटली, "काकी, मी काय खोटं बोललो?" काय सांगू तिला? तीच एकटी खरं बोललीती.

घरला आलो आणि आक्काला सगळं सांगून टाकलं. रागातच सांगितलं. "जिंकलीस! घे तुजी पोर! मी जात न्हाय, आणि गेलो तर मरायलाच जाईन!" वाटलं, ही हसंल. पर ती हसली न्हाय. दोन दिस तसंच चाललं. दोघी भाकऱ्या थापायचो, दोघी रानात जायचो, आणि मदी धोंडू एकदा हिच्याकडं बघायची, एकदा माज्याकडं.

तिसऱ्या दिशी सकाळी आक्का न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. "गाडी जुपाय सांग भावकूला."

"कशाला?"

"काल पोरगी मला इचारत हुती, 'माजा बा कसा दिसतो गं?' मी काय सांगणार? माजा नवरा मेला, त्येला इलाज न्हाय. हिचा बा जित्ता हाय. जित्ता बा असून तिला बिनबापाची ठेवू व्हय मी? येवडी वांझोटी न्हाय मी, अंबू."

मला धरणीनं पोटात घेटलं असतं तर बरं. मी नाचणी पाखडली, फडक्यात बांधली आणि गाडीत बसलो.

कचेरीत साहेबाम्होरं आक्का ताठ उभी राहिली. चष्म्यावाल्यानं इचारलं, "ही मुलगी कोणाची?" धोंडू आक्काच्या लुगड्याला धरून हुती. आक्कानं तिची मूठ सोडवली. एक एक बोट करून सोडवली. मग म्हटली, "हिची हाय. अंबूची. मी हिची कोण न्हाय."

"मोठ्यानं सांगा."

"कोण न्हाय म्हटलं न्हवं!" आक्का अशी वराडली की साहेबानं मान वर केली. "आणि किती डाव सांगू, मेल्या? लिही की!"

तिचा आंगठा घेटला. धोंडू रडली न्हाय. निसती बघत राहिली, कधी आंगठ्याकडं, कधी आक्काकडं.

भायेर आल्यावर मी फडकं म्होरं केलं. आक्कानं पदर पसरला आणि नाचणी घेटली. सगळी घेटली, फडकं झाडून घेटलं. धोंडू धावत जाऊन तिच्या पायाला मिठी मारून म्हटली, "आई, घरला चल."

"आई ती हाय," आक्का म्हटली. "मी काकी. म्हण, काकी."

"न्हाय म्हणत!"

"म्हण गं दगडा."

पोरगी म्हटली न्हाय. आक्का गाडीतबी बसली न्हाय. पदरातली नाचणी पोटाशी धरून तीन कोस चालत गेली. आमी मागनं गाडीत, आणि तिनं एकदाबी मागं बघितलं न्हाय. आठ दिसांनी आमी निघालो, तवा ती रानात हुती. मुद्दाम गेलती. मला तवाबी तिचा राग आला. निदान शिव्या द्यायला तरी यायचं!

बसऱ्यात काय, खोली बरी हुती. खजुराची झाडं, गढूळ पाण्याची नदी, आणि ऊन असं की भाकरी दगडावर भाजावी. मालक चांगले वागले. पोरीला खेळणी आणली, मला बांगड्या भरल्या. सांजेला तिघं जेवाय बसायचो आणि ते म्हणायचे, "हा बघ, ह्याला म्हणत्यात संसार." माजाबी जीव कधी कधी सुखावायचा, खोटं कशाला बोलू. आणि लगेच वाटायचं, तिकडं आक्का एकटीच जेवत असंल, आणि हातातला घास परत ताटात ठेवायचो.

धोंडूनं मला आई म्हटलं न्हाय. काकी म्हणायचंबी सोडलं. "ऐक की", "हे बघ", "पाणी दे" एवढंच. मी मारलं एकदा तिला, "तोंडानं आई म्हण" म्हणून. तिनं मार खाल्ला, पर आई म्हटलं न्हाय. दगडच ती. मीच ठेवलेलं नाव.

चवथ्या म्हैन्यात तिला ताप आला. अंग तव्यागत तापलेलं. दुपारची येळ, मालकांना सुट्टी हुती. मी तिच्या कपाळावर वल्लं फडकं ठेवत हुतो आणि ती एकदम म्हटली, "आई... आई गं..."

मालक हरखून उठलेच. "ऐकलंस का? अगं, आई म्हटलं बघ तुला! म्हटलं न्हवं शेवटी!" त्येंचे डोळे भरून आले. मला हातातला तांब्या त्येंच्या टाळक्यात घालावासा वाटला. सात वर्सं पोरीचं तोंड न बघितलेल्या माणसाला काय कळणार, हाक कुणाला हाय ती? पोरीचे डोळे मिटलेले हुते. तिचा हात अंथरुणावर इकडं तिकडं चाचपत हुता. काय शोधती ते मला कळलं. त्येंना कळलं न्हाय.

"आई गं," ती परत म्हटली.

मी पदराचं टोक तिच्या मुठीत दिलं आणि ओ दिली.

"आलो गं माज्या दगडा."

तिनं मूठ घट्ट आवळली आणि झोपली.