साखळीवाचून

गाड्याचं मागचं चाक जखडायला पुंजारामने साखळी उचलली, तोच गिरणीमालक काकासाहेबांनी मोटारीतूनच काठी रोखली.

"ठेव ती. चाक बांधून खरडत गेलास तर दिवेलागणीला पोचशील. गिरणीचा मुहूर्त दोनचा हाय."

"करंजीचा घाट हाय, काकासाहेब. चाक बांधल्याबिगर एवढं इंजिन बैलांना आवरायचं न्हाई."

"मग मानसं कशाला आनलीस? मागनं दोर धरा. जमत नसंल तर मुकादमकी दुसऱ्याला देतो."

लढाईमुळे लॉरी मिळेना, म्हणून तेलगिरणीचं इंजिन नगर स्टेशनावरून पाथर्डीला बैलांच्या गाड्यावर चाललं होतं. पुंजारामला मुकादमकी मिळून जेमतेम महिना झाला होता. ती गेली तर गावात तोंड कुठं दाखवायचं, या एका धास्तीनं त्याची मती गेली. ऐन उतारावर दोर हातातून सुटायला नको, म्हणून त्याने गाड्यामागचा तो दोर पाचही गड्यांच्या कमरेला बांधला. ही अक्कल मात्र काकासाहेबांची नव्हे, त्याची स्वतःची. त्या पाचांत गाड्यालगत त्याचा धाकटा भाऊ गोरक्ष होता.

"दादा, गाठ लई आवळलीस."

"असू दे."

पहिल्या वळणापर्यंत गाडा शहाण्यासारखा उतरला. मग चाकाखालची खडी सटकली, बैल उधळले आणि पाचही गडी तोंडावर आपटून मागोमाग फरफटत गेले.

"सोडा! दोर सोडा!" पुंजाराम ओरडत धावला.

सोडणार काय, कपाळ? पाच माणसांचं ओझं ओढता ओढता गाडा मंदावला आणि दरीच्या अलीकडे थांबला.

चौघे कण्हत होते. गोरक्ष कण्हत नव्हता. छगन गाडीवान खाली उडी मारून त्याच्या तोंडावरचा मुरूम पुसू लागला आणि मध्येच थांबला.

मागून मोटार आली. काकासाहेबांनी गोरक्षकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, इंजिनाला फेरी मारली, कुठं खरचटलंय का ते पाहिलं.

"बघ पुंजा, लागली का साखळी?"

त्यांचं नरडं धरावं असं पुंजारामला वाटलं. फार वाटलं.

"न्हाई लागली, काकासाहेब."

"चला मग. निम्मा घाट ऱ्हायलाय."

भावाच्या कमरेची गाठ बोटांनी सुटेना. पुंजारामने ती दातांनी सोडवली, तोंडात आलेला काथ्या थुंकला आणि कुणाकडे न बघता दोर पुढं केला.

"छगन, ये. उभा ऱ्हा हितं."