सत्त्याण्णव कड्यांची साक्ष

साहेब, आक्काला खोटारडी ठरवणारे तुम्हीच खोटे आहात. शेत तिने वाढवून सांगितलं नाही. वाढवलं मी. आणि हे माहीत असलेला माणूस रोज दहाच्या ठोक्याला तुमच्याच कार्यालयात हजेरी लावतो.

मित्रांनो, दचकू नका, हे तुम्हाला नव्हे, इथल्या कार्यालयाच्या साहेबांना. मी एक जुनी लोखंडी साखळी आहे, शेतं मोजणारी. कृषी कार्यालयाच्या मागच्या खोलीत, कपाटाच्या तळाच्या खणात पडून असते. लोहाराने घडवलं तेव्हा माझ्या कड्या बरोबर शंभर होत्या. जेवढं शेत तेवढं सरकारी अनुदान, आणि शेत केवढं ते सांगणार मी. मग माझा रुबाब काय विचारता! मी बांधावर उतरले की भांडणारे भाऊसुद्धा गप्प व्हायचे. "साखळी म्हणेल ते खरं," म्हणायचे.

दर हंगामाआधी अंगणात बरोबर मापावर रोवलेल्या दोन दगडांमध्ये ताणून मला तपासत. सहा वर्षांपूर्वी ट्रॅक्टरचं चाक माझ्यावरून गेलं आणि तीन कड्या पिचल्या. लोहाराने त्या काढून टोकं जोडून दिली. "नव्या कड्या नंतर घालू," मोजणीदार म्हणाला. अर्जांची मुदत आठवड्यावर आली होती, दोनशे शेतं मोजायची राहिली होती. त्या वर्षी मला दगडांपाशी नेलंच नाही. पुढेही नाही. मी आखूड झाले, त्याच शेतात जास्त वेळा बसू लागले आणि प्रत्येक शेत कागदावर मोठं होत गेलं. मला कळत होतं. पण साखळीला खळखळण्यापलीकडे काय येतं?

यंदा तपासणीत कागदापेक्षा लहान असं पहिलं शेत निघालं ते आक्काचं. एकटी बाई, चार गाई, उताराची जमीन. भिंतीपलीकडचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"आक्का, हा वरून काढलेला फोटो आहे. आभाळ खोटं बोलत नाही," कारकून म्हणाला.

"आभाळ कशाला बोलेल? बोलतोयस तू! माझं शेत मोजायला आभाळ आलं होतं का? तुमचा मोजणीदार आला होता. दोनदा चहा पिऊन गेला."

"अर्जावर सही तुमची आहे."

"सही माझी, मोजणी तुमची. सहीने शेत वाढतं होय रे? मग मी नांगर सोडून सह्याच नसत्या का करत बसले?"

रांगेतले लोक हसले. कारकून हसला नाही. "सहा वर्षांचं अनुदान परत भरा. नाहीतर सुनावणीत नाव कायमचं कटेल."

"गाई विकाव्या लागतील रे मला," आक्काचा आवाज एकदम पडला. "आणि लोक चोर म्हणतील, त्याचं काय?"



त्याच दुपारी मोजणीदाराने दार लोटून मला बाहेर काढलं. बोटाने एकेक कडी सरकवत मोजली. सत्त्याण्णव. पुन्हा मोजली. सत्त्याण्णव. "दोनच वर्षं राहिलीत माझी," तो पुटपुटला. "आता बोललो तर पेन्शन गेली." मला खणात लोटून त्याने वर फायली रचल्या आणि कुलूप लावलं. आज सकाळी कोणीतरी माझ्या कपाटावर खडूने फुली मारून गेलं. भंगारात काढायच्या सामानावर इथे अशीच फुली मारतात.

मित्रांनो, दुरुस्त केलेलं हत्यार तपासल्याशिवाय कामाला लावू नका. चूक झाली तर त्याच दिवशी सांगून मोकळे व्हा. पोटात ठेवलेली चूक दुसऱ्याच्या घरावर जाऊन पडते. मला गंजाचं भय नाही, भट्टीचंही नाही. पण मी वितळले की आक्काच्या बाजूने बोलणारं या कार्यालयात काहीच उरणार नाही. आज ती आहे, उद्या तिच्या शेजारच्यांची पाळी आहे.

साहेब, भंगारवाला उद्या येतोय आणि सुनावणी परवा आहे. दोन्ही तारखांखाली सही तुमची आहे. भंगार आधी आणि सुनावणी नंतर, असं का? उत्तर द्या.