सहावं मिनिट

भारतीय चित्रपटकलेचा नवा अध्याय पोलादपुरातून सुरू होणार, असं बुद्धरत्नने दोन हजार चार साली जाहीर केलं. त्यावर हाशिमभाईंनी विचारलं, "अध्याय चारपर्यंत आटपेल ना मास्तर? पाचला भाचीची मंगनी हाय, कॅमेरा लागेल."

कॅमेरा हाशिमभाईंनी कुवेतहून आणलेला. बुद्धरत्न प्राथमिक शाळेत मास्तर. पाच रविवार, दर रविवारी चारपर्यंत खपून त्याने एका विधवेच्या एकाकीपणावर बारा मिनिटांची फिल्म उरकली. शेजारच्या राहीबाईने विधवा व्हायला नवऱ्याची परवानगी मागितली. गणूने ती आनंदाने दिली. अंगणही त्यांचंच. उंचावरच्या शॉटला शिडी हवी होती, पण बुद्धरत्नच्या घरची शिडी दोन वर्षांपूर्वी गणूने कौलं परतायला नेली होती आणि तो "कवाच दिली परत" म्हणत होता. तो शॉट जीपच्या टपावरून झाला.

आता महाडला हौशी फिल्मांचा महोत्सव होता, तोही टॉकीजच्या मोठ्या पडद्यावर! बुद्धरत्नला बक्षीस नको होतं. त्याला वडिलांच्या तोंडून एक कौतुकाचा शब्द हवा होता. महादूआबांनी त्याच्या नोकरीलाही नुसतं "बरं" म्हटलं होतं. चौदा इंची टीव्हीवर फिल्म पाहून ते म्हणाले होते, "माणसं हायत का मुंग्या?"

रविवारी सकाळी दोन जीप भरून वस्ती महाडला उतरली. अंधार झाला, पडद्यावर बुद्धरत्नचं नाव झळकलं आणि शिट्ट्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. पाठोपाठ राहीबाईचं तोंड आलं, जीपएवढं.

"अगो बाय, माझा तीळ केवढा!" राहीबाई किंचाळली.

"गप गो, तू दुःखात हायस," शेजारून गणू म्हणाला.

सहाव्या मिनिटाला राहीबाई भिंतीला टेकून रडायला लागली. टॉकीज चिडीचूप. बुद्धरत्नने चोरून शेजारी पाहिलं. आबा खुर्चीच्या टोकावर आले होते. डोळे चकाकत होते, ओठ हलत होते. एकाएकी त्यांनी पोराचं मनगट असं धरलं, की हाताला मुंग्या आल्या. बुद्धरत्नने तो हात सोडवला नाही. बत्तीस वर्षांत आबांनी त्याचा हात धरला होता तो फक्त नदी ओलांडताना.

फिल्म संपली. टाळ्या थांबेनात. बुद्धरत्नला स्टेजवर बोलावलं, तर त्याच्या मागोमाग आबाही माणसांचे पाय तुडवत पुढे निघाले.

"रत्ना," ते खालूनच म्हणाले, "परत लाव."

निवेदकाने माइक ओढला. "मंडळी, खुद्द वडिलांची फर्माईश!"

पुन्हा टाळ्या. बुद्धरत्न स्टेजच्या कडेला वाकला. "सगळी लावू, आबा?"

"सगळी कशाला? राहीबाय रडते ना, तिथंच थांबव. तिच्या मागं पेंढ्यातनं आपली शिडी डोकावतेय. तिसऱ्या पायरीला तार मीच बांधलीय."

अख्ख्या टॉकीजने गणूकडे माना वळवल्या.

"आणि गणूला जरा पुढच्या खुर्चीत बसव," आबा म्हणाले. "त्याला लांबचं दिसत नाय."