धोंड्याचे दोन फोन

नांदेडात एका मोबाइल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी काउंटरवर बसतो. माझा साडू भागवत लातूरला बँकेत बसतो, एसीत. महसूल आयुक्तालय कुणाच्या शहरात यावरून नांदेड-लातूरचं जे चाललंय तेच आमच्या दोघांचं चाललंय. फरक एवढाच, की त्याला याचा पत्ता नाही.

यंदाच्या अधिक महिन्यात निलंग्याला सासरवाडीत धोंड्याचं जेवण झालं. सासरे भुजंगमामा म्हणजे तराजू. दोन्ही जावयांना सगळं सारखंच. एकाच दुकानातून, एकाच रंगाचे दोन फोन आणलेले, दुकानातच एकेकाच्या नावावर नोंदवलेले, आणि तेहतीस-तेहतीस अनारशांसोबत देवापुढं मांडलेले. सासूबाई आत वाती करत होत्या. मी दोन्ही ताटं तपासली. भागवतच्या खोक्यावरचं कुंकू जास्त ठसठशीत होतं. उचलून पाहिलं तर खोकंही जड वाटलं. मी खोकी बदलली. अनारसेही मोजले. ते तेहतीसच निघाले, म्हणून ते तसेच ठेवले.

घरी येऊन पाहिलं तर आत तोच फोन, तोच चार्जर. मन शांत झालं.

ते नागपंचमीपर्यंत टिकलं. तेव्हा कळलं, भागवतनं फोनमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून इंटरनेटवरचं दुसरंच टाकलंय. जाहिराती गायब, बॅटरी दोन दिवस. माझी बायको तनुजा सगळ्यांसमोर म्हणाली, "दाजींचा फोन बघा कसा पळून राहिला! अन् तुम्ही म्हणं फोनच्याच धंद्यातले."

हे वाक्य मी दीड महिना चघळलं.

आणि गेल्या सोमवारी भागवत स्वतःच्या गाडीतून आमच्या सेंटरवर उतरला. सोबत मामा.

"साडूभाऊ, चार्जिंगच घेईना."

"घरचा माणूस असताना लातुरात कुठं दाखवायचं," मामा म्हणाले. "म्हणून मीच घेऊन आलो."

"टोकन घ्या," मी म्हणालो.

सेंटरमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मामांनी टोकन घेतलं. एक नंबर. मी एक नंबर पुकारला.

फोन कॉम्प्युटरला जोडला आणि माझ्या आयुष्यात ऊन पडलं.

"भागवतराव, कुलूप उघडलंय."

"परत लावलंय की! कंपनीचं सॉफ्टवेअरबी परत टाकलंय."

"लावलं तरी उघडल्याची खूण राहती."

"कसलं कुलूप?" मामांनी विचारलं.

मी खुर्ची पुढं ओढली. "मामा, कंपनी फोनला आतून कुलूप लावून देते. ते उघडल्याबिगर दुसरं सॉफ्टवेअर टाकता येत न्हाई. अन् उघडताना फोन विचारतो, वॉरंटी जाऊ शकते, चालंल का? ह्यांनी 'हो' म्हणलं. कंपनी आठ दिवस थांबायबी लावते, घटस्फोटाला लावतात तसं. आठ दिवसांनीबी ह्यांचं 'हो'च."

मामांनी भागवतकडं पाहिलं. लग्नापासून मी या नजरेची वाट पाहत होतो.

"पण चार्जिंगच्या पिनेचा अन् सॉफ्टवेअरचा काय संबंध?" भागवत म्हणाला.

काहीच नव्हता. या मॉडेलचे अकरा फोन त्या महिन्यात पिनेचाच दोष घेऊन आले होते. अशा वेळी अर्जात एक पर्याय असतो: 'पुण्याला तपासणीसाठी पाठवा'. पुण्यात दोष पिनेचाच निघाला तर कुलूप उघडलेलं असूनही फुकट बदलून मिळते. मी हे रोज गिऱ्हाइकांना सांगतो. खूप गोड बोलून सांगतो.

"काहीच मार्ग न्हाई का, जावईबापू?" मामांनी विचारलं.

"न्हाई, मामा."

मी 'वॉरंटी नाकारली' दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, निर्णय नंतर बदलता येणार नाही, चालेल का? मी 'हो' म्हटलं.

कागद छापून आला. मामांनी चष्मा लावून वाचला. "ग्राहकाचं नाव, व्यंकट... हे तर तुमचं नाव हाय."

"मशीन चुकलं असंल."

मामांनी पिशवीतून दुकानाचं बिल काढलं. इस्त्री केल्यासारखं सरळ. फोनचे नंबर आणि पुढं आमची नावं. त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा जुळवला. "ह्यो फोन तुमचाच. मग भागवतरावांचा कुठंय?"

तेवढ्यात तो माझ्या खिशात वाजला. तनुजाचा फोन होता.

"देवापुढं खोकी बदलली असतील," भागवत म्हणाला. "आईंच्या ध्यानात आलं नसंल."

इथं मी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी मोठ्या मनानं म्हणालो, "होतं असं. आईंना काही बोलू नका."

"ज्याचं त्याला," मामा म्हणाले.

"राहू द्या मामा, मीच बिघडवला. बिघडलेला माझ्याकडंच ठेवतो," भागवत म्हणाला. चांगुलपणातही माणूस माझ्या पुढं. मी लगेच मान डोलावली.

"न्हाई," मामांनी आवाज चढवला. "फरक करायचा न्हाई म्हणून नावावर घेतले होते." त्यांनी माझ्या खिशातला फोन काढून भागवतला दिला. न उघडलेलं कुलूप, अख्खी वॉरंटी. मेलेला फोन माझ्यापुढं सरकवला, वर कागद.

कागदावर दोन सह्या लागतात. खाली डावीकडं नाकारणारा कर्मचारी, उजवीकडं नाकारलेला ग्राहक. मी डावीकडं केली आणि थांबलो.

मामा वाकून पाहत होते.

"उजवीकडंबी करा, जावईबापू," ते म्हणाले. "अन् सारखीच करा. फरक नको."