मानेचा होकार चालत नाही

आवडाबाईच्या तोंडाला कुलूप लागेल असं कोणा ज्योतिषाने सांगितलं असतं, तर तिने त्यालाच चार शिव्या हासडून पायरीवरून उतरवला असता. पण कुलूप लागलं. वरच्या दातांना तार, खालच्या दातांना तार, आणि दोन्ही तारा एकमेकींना पिळून घट्ट आवळलेल्या, गोणीचं तोंड आवळावं तशा. माजिवड्यापलीकडे खाडीकाठच्या मासळीबाजारात सकाळच्या घाईत ओल्या लादीवरून तिचा पाय गेला आणि हनुवटी नेमकी ओट्याच्या कडेवर आदळली. ओटा तरी कोणाचा? तिचाच. सासूने बसवलं तेव्हापासून ज्याच्यावर मांडी घातली, त्यानेच जबडा दोन्हीकडून मोडला. डॉक्टरांनी आत पट्ट्या बसवल्या, स्क्रू मारले, दात बांधले आणि सांगितलं, हाड सांधेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

कोळीवाड्यातल्या घरी तिला बघणार कोण? म्हणून मुलगा दर्शन तिला डोंबिवलीला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. सातवा मजला. खिडकीला जाळी, जाळीपलीकडे समोरच्या बिल्डिंगची खिडकी, तिलाही जाळी. खाडीचा वास नाही, भरतीची चाहूल नाही. तीन उशा पाठीला लावून तिला बसवून ठेवलेलं, आडवं व्हायची बंदी. चेहरा सुजून भोपळा झालेला, गाल निळा-पिवळा. खालचा ओठ तर आपला राहिलाच नव्हता. लाळ कधी गळायची ते तिला कळायचं नाही, पदर ओला झाला की मग कळायचं.

खाणं म्हणजे सून माधवी मिक्सरमध्ये फिरवून, दोनदा गाळून आणायची ते. पेज, डाळीचं पाणी, नाहीतर ती चॉकलेटच्या वासाची पावडर. नळी लावलेल्या पिचकारीने गालाच्या कडेतून सोडायचं. जिने अख्खं आयुष्य काटे चघळून थुंकले, तिच्या नशिबी हे लहान मुलाचं पाणी! दर वेळेला माधवी मिठाच्या पाण्याने तोंड धुवायची, ओठांना व्हॅसलीन लावायची, टॉवेल बदलायची. हाताला हलकी होती, नाही कोण म्हणतंय. पण दुसऱ्याच्या हातून असं सगळं करून घ्यायचं, आणि तेही हिच्या हातून, हे आवडाबाईला पिचकारीपेक्षा जड जात होतं.

कारण ही माधवी म्हणजे शाळेत ऑफिसची कामं बघणारी, बोंबील धुताना दोन बोटांनी शेपटीला धरणारी. लग्न होऊन आली त्या दिवसापासून आवडाबाईने तिला नावाने हाक मारली नव्हती. 'ए डोंबिवली' म्हणायची. तिच्या पहिल्या भाकरीचा नकाशा आवडाबाईने अख्ख्या बाजाराला हातवारे करून सांगितला होता.

तर घरी आणल्यावर दुसऱ्याच सकाळी आवडाबाईला पाणी हवं होतं. दातांमधून बोलता येतं असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तिने ओठ विलगले आणि 'पाणी' म्हणाली. म्हणाली म्हणजे काय, आत कुठेतरी हंड्यात तोंड घालून कोणी घुमावं तसा आवाज आला, आणि ओठांवर लाळेचा एक मोठा फुगा धरला. फुगा फुटला. माधवी हसली. हसायचं नव्हतं तिला, हात लगेच तोंडावर गेला, पण हसू निसटलं ते निसटलंच.

आवडाबाईने ओठ मिटले. त्या क्षणी तिने ठरवलं, तारा निघेपर्यंत या घरात अवाक्षर नाही. जिच्या जिभेला अख्खा बाजार वचकून असायचा, तिने फुगे काढून सुनेची करमणूक करायची? दर्शनने लिहायला पाटी आणून दिली, ती तिने उलटी करून पायथ्याशी सारली. आकडे तिला येत, भावाचे तर तोंडपाठ. पण शाळा दुसरीतच सुटलेली. 'कमळ बघ' लिहून कोणाला काय सांगणार?

आता, आवडाबाईच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. तिला एखादी गोष्ट पटली नाही तर ती बोलायची, सात घरांना ऐकू जाईल असं बोलायची. आणि पटली तर गप्प राहायची. 'हो' म्हणून तिने आजवर कोणाला समाधान दिलं नव्हतं. दर्शनने बोटीवर न जाता कंपनीत नोकरी धरली तेव्हा ती गप्प राहिली, जातीबाहेरची मुलगी केली तेव्हा गप्प राहिली. गप्प म्हणजे कबूल, हे दर्शन आईच्या दुधाबरोबर शिकला होता.

एका संध्याकाळी तो कामावरून आला, चहाचा कप घेऊन तिच्या पायाशी बसला.

"आये, बास झालं आता," तो म्हणाला. "त्या ओल्या लादीवर पुन्हा नको जाऊस. या वेळी हनुवटी, पुढच्या वेळी डोकं फुटेल. ओटा शीलाला देऊन टाकू. गंगुमावशीची भाची, गरजू पोरगी हाय. तू आता इथंच राहा आमच्याकडं. चालेल ना?"

आवडाबाईच्या छातीत भट्टी पेटली. ओटा द्यायचा? माझा ओटा? शीलाला, जिला पापलेटाचा गलफडा उघडून ताजं-शिळं सांगता येत नाही तिला? शिव्या घशापर्यंत चढल्या. पण जिभेखाली लाळ साचलेली, ओठ उघडला की ओघळणार. आणि दारात मिक्सरचं भांडं घेऊन माधवी उभी. आवडाबाईने मान भिंतीकडे वळवली.

दर्शनने जरा वाट बघितली. मग त्याने सुस्कारा सोडला, हलका झाल्यासारखा. बाहेर जाऊन म्हणाला, "काय बोलली नाय. म्हंजे चालेल तिला."

"अरे, त्यांना बोलता येत नाहीये," माधवीचा आवाज.

"येतं गं, दातातून येतं. आणि माझ्या आयेला नको असतं ना, तर तारा तोडून बोलली असती."

मग फोनवर तो गंगुबाईशी बोलला. आवडाबाईने भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकलं. गंगुबाई बाजारातली सगळ्यात जुनी बाई, ओट्यांचा कारभार तिच्या तोंडी. तिने फोनवर मानलं नाही. येते म्हणाली रविवारी, शीलाला आणि साक्षीला एकीला घेऊन.

बाजाराचा कायदाच तसा होता. ओटा सोडायचा तर बाईने स्वतःच्या तोंडाने, दोघींच्या देखत सांगायचं. मानेचा होकार चालत नाही. गंगुबाईच्या सासूच्या काळात एका मरणाऱ्या म्हातारीला मुलाने विचारलं, ओटा थोरलीला देऊ ना? म्हातारीची मान खाली आली. मुलगा म्हणाला, हो म्हणाली. धाकटी म्हणाली, हो कसलं, जीव गेला! दोघी जावा बाजारात एकमेकींच्या झिंज्या धरून लोळल्या. तेव्हापासून मान नाही, बोट नाही, फक्त तोंड.

आणि आवडाबाईचं तोंड बांधलेलं.

रविवार उजाडेपर्यंत तिने खोलीत येरझारा घातल्या. पलंग ते खिडकी, खिडकी ते पलंग. खिडकीतून दिसतं काय, तर समोरच्या जाळीत वाळत घातलेली मोजे-बनियनं. बोलली नाही तर शब्द नाही, म्हणजे ओटा राहील असं नव्हे. गंगुबाई म्हणेल, बाईला वाचा नाही, मुलगा सांगतो ते धरू. आणि बोलली तर शीलाच्या देखत फुगे. तीच शीला सोमवारी बाजारात जाऊन नक्कल करणार, डोक्यावरच्या माशांच्या पाट्या खाली पडेपर्यंत सगळ्या हसणार.

उशाशी खिळ्याला एक तार कापायची पकड टांगलेली होती. उलटी झाली आणि श्वास अडकला तर तारा कापायच्या, म्हणून डॉक्टरांनी दिलेली. रविवारी सकाळी आवडाबाईने ती काढली, न्हाणीघरात गेली, आरशासमोर उभी राहिली. समोरच्या बाईला तिने ओळखलंच नाही क्षणभर. मग बोटाने ओठ वर केला आणि पकड तारेला लावली. एक कट, दुसरा कट, आणि मग धडधडीत, मोकळ्या तोंडाने गंगुबाईला सांगायचं काय ते.

"आई!" माधवीने मागून मनगट धरलं. धरलं ते सोडलं नाही. "कापलंत तर हाड सरकेल. पुन्हा तेच ऑपरेशन, पुन्हा पहिल्यापासून बांधून ठेवतील. हवंय का?"

आवडाबाईने मनगटाला हिसडा दिला.

"माझ्या हसण्यावर रुसलात, कळतं मला. हसले मी. चुकलं," माधवी म्हणाली. "पण माझी भाकरी तुम्ही बाजारभर फिरवलीत, तेव्हा मी काय तोंड शिवून बसले? दुसऱ्या दिवशी पुन्हा थापलीच ना? तुम्हाला एकदा कोणी हसलं तर लगेच तारा कापायला निघालात!"

आवडाबाईला उलटून बोलायची या घरात कोणाची टाप नव्हती. पकड माधवीच्या हातात गेली. तेवढ्यात बेल वाजली.

गंगुबाई आली, मागे नटूनथटून शीला, आणि साक्षीला एक बहिरट म्हातारी. बांधलेल्या तोंडाच्या बाईला भेटायला येताना गंगुबाईने पिशवीभर जिवंत चिंबोऱ्या आणल्या होत्या. पिशवीत नांग्यांची खुडखुड चालू होती.

"काय गो आवडे, काय दशा करून घेतलीस," म्हणत ती सोफ्यावर बसली. "घर मस्त हाय. वारा नाय जरा." मग पदर सावरून कामाचं बोलली. "तुझा पोरगा बोलतो, ओटा सोडतेस. खरं का? तोंडानं बोल. मान नको हलवू."

"मावशी, तिला कुठं बोलायला लावताय," दर्शन मधे पडला. "मी सांगतो ना..."

"तू गप रे. तुझ्या बापानं कधी ओट्यावरून तोंड उघडलं नाय, तू कुठं उघडतोस."

चिंबोऱ्या तेवढ्या खुडखुडत होत्या. आवडाबाईने शीलाकडे बघितलं, तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आधीच तयार होऊन बसलेलं. आवडाबाईने ओठ उघडले.

"ना...य."

लाळेची तार हनुवटीवरून थेट छातीवर आली. शीलाने तोंडाला पदर लावला, खांदे हलले.

"काय?" गंगुबाई पुढे वाकली. "हिला ऐकू गेलं पायजे, साक्षीदार हाय ती. मोठ्यानं बोल."

आवडाबाईने श्वास घेतला. दातांच्या फटीतून, नाकातून, जिथून वाट मिळेल तिथून आवाज काढला. "ओटा... माजा! मी... बसनार!" फुगा आला, फुटला, दुसरा आला. कानशिलात कळ गेली, डोळ्यांतून पाणी आलं. तरी तिसऱ्यांदा बोलली, बहिरटीने मान डोलवेपर्यंत बोलली. शीला आता उघड हसत होती. हसू दे मेलीला.

दर्शन तोंड उघडं टाकून उभा. "आये, मग त्या दिवशी का नाय बोललीस?"

आवडाबाईने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

"बरं," गंगुबाई म्हणाली. "तुझा तर तुझा. पण रिकामा ओटा कोणाचाच नसतो, तुलाबी म्हाईत हाय. तू उठेपर्यंत घरातली बाई बसव. आत्ता शीला बसते ती मी बसवलेली, तुझ्या घरातली नाय. आता सांग, कोण?"

घरातली बाई एकच होती. हातात अजून पकड घेऊन, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. आवडाबाईने तिच्याकडे बोट केलं.

"बोट चालत नाय," गंगुबाई म्हणाली. "नाव घे."

आवडाबाई थांबली. हे तारांमुळे नव्हतं. मग म्हणाली, "माधवी." लाळ पुसली नाही.

"मला नोकरी आहे," माधवी सरळ म्हणाली. "आणि मला कोणी विचारलेलं नाही."

सगळ्यांच्या नजरा आवडाबाईवर. आयुष्यात तिने सांगितलं होतं, बजावलं होतं, फर्मावलं होतं. विचारलं कोणाला नव्हतं.

"बस... शील?"

माधवीने हातातली पकड सोफ्यावर ठेवली. "शनिवार-रविवार बसेन. मासे कापणार नाही."

"मासे कापनार नाय, मग तिथं बसून काय आरती करनार?" गंगुबाई कडाडली. पण साक्षीदार बहिरटीने शब्द ऐकलेला, म्हणून तिने हात झटकला. बाकीचे दिवस शीला बसेल, आवडाबाईच्या नावाने. शीलाचं हसू तिथे संपलं. जाताना तिने चिंबोऱ्यांकडे असं बघितलं, जणू त्या परत न्यायच्या होत्या.

पुढच्या रविवारी माधवी पहाटेच गेली. अंगावर स्वतःची जुनी साडी, हातात आवडाबाईचा कोयता, आणि बरोबर कापायला गंगुबाईची एक बाई. आवडाबाई सातव्या मजल्यावर, तीन उशांना टेकून. एवढं सगळं करून शेवटी कोंडलेली ती कोंडलेलीच. दर्शन पिचकारी भरून समोर बसला होता, त्याचा हात माधवीसारखा नव्हता, अर्धी पेज गळ्यावर जायची. तिचं लक्ष पेजेत नव्हतंच. आत्ता गिऱ्हाईक आलं असेल. आत्ता ती कोळंबीचे वाटे लावत असेल, बारीक वर ठेवून मोठी खाली दडपली असेल, गधडीने.

फोन वाजला. दर्शनने स्क्रीन तिच्यासमोर धरली. माधवीचा घामाघूम चेहरा, मग हलत हलत ओटा. आवडाबाईने डोळे बारीक केले. बर्फ बरा होता. पापलेटं ओळीत होती. आणि मधोमध, कोळंबीच्या टोपलीला टेकवून, पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्यावर आकडे. प्रत्येक मासळीचा भाव लिहून लावलेला! लोक थांबत होते, वाचत होते आणि पुढच्या ओट्यावर घासाघीस करायला निघून जात होते.

"बघा आई, कशी वाटतेय मांडणी?" माधवीने अभिमानाने विचारलं.

आवडाबाईने पिचकारी बाजूला ढकलली. "पुट्टा..." ती गरजली. "पुट्टा काढ तो आदी! भाव का... वाचायचा असतो? बोंब मार! गिराइकाला... हाक मार मेले!"

लाळ स्क्रीनवर उडाली. तिकडे बाजारात हशा पिकला, शीलाचा सगळ्यात वर, इथपर्यंत ऐकू आला. माधवीही हसत होती आणि या वेळी तिने हात तोंडावर नेला नाही. पुठ्ठा उचलला मात्र. आवडाबाई पुढचं सांगणार, गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून भाव कसा टाकायचा ते, तर रेंज गेली आणि स्क्रीन काळी झाली.

बाहेर पडायला निघालेलं इतकं सगळं तोंडात तसंच राहिलं. तिने इकडेतिकडे बघितलं. समोर पिचकारी धरून दर्शन.

"आनि तू!" ती दातांमधून म्हणाली, आणि सुरू झाली.